तारेवाले सर

उटनूरमध्ये रात्री दहानंतर दार वाजलं तर दोनच शक्यता असतात. कुणाला तरी साप चावलाय, नाहीतर आकाशात काहीतरी घडतंय. दाराबाहेर मफलर गुंडाळलेले, बॅटरीला लाल कागद चिकटवलेले निवृत्त विज्ञानशिक्षक दिसले की समजावं, साप नाही. "झोपलात काय? उठा, शनी निघालाय!" शनी जणू शेवटच्या आदिलाबाद बसने निघालाय आणि आपण त्याला पोचवायला उशीर करतोय!

सरांना ताऱ्यांचं वेड आहे असा गावाचा समज आहे. तो अर्धाच खरा. सरांना हवा असतो तो बघणाऱ्याच्या तोंडचा 'अबब!'. तुमचा डोळा दुर्बिणीला लागला की सर आकाशाकडे ढुंकूनही बघत नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघतात. "हं, छान आहे," एवढंच म्हणणाऱ्याला पुढच्या ग्रहणापर्यंत चहा बंद. चांगला अबब मिळाला, तर तारखेसकट वहीत नोंद. उटनुरात मराठी, तेलुगू आणि गोंडी असे तिन्ही प्रकारचे अबब मिळतात, म्हणून मुलाने कितीदा बोलावलं तरी सर हैदराबादला जात नाहीत. "तिथे तारेही दिसत नाहीत आणि शेजारीही."

31 जानेवारी 2018 ला चंद्र उगवला तोच ग्रहण घेऊन. खग्रास अवस्था चांगली सव्वा तासाची. घरोघरी डब्यांवर तुळशीपत्रं आणि दारांना कड्या. सरांनी अंगणात भज्यांचा घाणा काढला. वासावर पोरं आली, पोरांना ओढून न्यायला आया आल्या आणि आयांना दटावायला आज्या. त्यातल्या एका आजीने तांबूस चंद्र पाहिला, हात जोडले आणि पदराने डोळे पुसले. सरांना राहवलं नाही. "आजी, पृथ्वीच्या हवेतून वळून गेलेला लाल उजेड आहे तो."

"असू दे की," आजी म्हणाल्या. "बरा दिसतोय."

वहीत त्या नोंदीखाली दोन रेघा आहेत.

ऑगस्ट मात्र सरांचा वैरी. ययातीचा उल्कावर्षाव 12-13 तारखेला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. सर छत्री उघडून उल्कांची वाट बघतात आणि बाई आतून ओरडतात, "अहो, उल्का नाही भिजायच्या, तुम्ही भिजाल!"

पण खरा घाव बसला 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी. आकाशातून आगीच्या रेघा सरकत गेल्या आणि कुणीही दार न वाजवता सगळं गाव रस्त्यावर आलं. असा सामुदायिक अबब उटनुराने कधी काढला नव्हता. सर त्या वेळी पुरणपोळीवर तूप घेत होते. हात धुऊन बाहेर आले तोवर आकाशही रिकामं आणि लोकांची तोंडंही मिटलेली. रात्रभर सर कुणाशी बोलले नाहीत. मग बातमी आली: शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी पडली आहे, आणि ते सगळं चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सर ताठ झाले. "म्हणजे कचरा! कचऱ्यासाठी मी पोळी टाकून येणार होतो?"

एकदा मात्र उलटं घडलं. सर एका गोंड म्हातारीला सप्तर्षी समजावत होते, वसिष्ठ, अरुंधती वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार तारे ही म्हातारीची खाट. मागचे तीन, ते चोर." टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली गोंडांच्या आकाशज्ञानावर निबंध लिहिला, त्यातही ही खाट आहे, पण सरांनी तो वाचलेला नव्हता. ते मान वर करून बघत राहिले, आणि जन्मभर दुसऱ्यांकडून वसूल केलेला अबब त्यांच्याच तोंडून निघाला. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघून हसत होती.

असा एखादा इसम तुमच्याही गावात असणार. 13 डिसेंबरच्या रात्री, मिथुनेच्या उल्कावर्षावाला, तो दार वाजवेल. थंडी असेल, झोप अनावर असेल, तरी उठा. उल्का दिसो न दिसो, अबब मात्र मोठ्याने म्हणा. त्याला खर्च काही येत नाही, आणि वर चहा मिळतो.