मुळशीत बसून मेंदू कसा बनवावा

साहित्य: हिंजवडीच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप, एक शनिवार-रविवार, धरणाकाठी भाड्याने घेतलेला बंगला आणि भरपूर आत्मविश्वास. थोडं गणितही लागेल. तिथे आत्मविश्वासाने भागत नाही.

सुरुवात एका चेतापेशीपासून करा. माणसाच्या मेंदूत त्या साधारण ८६ अब्ज असतात. उरलेल्या सोमवारी बघू.

आता खिडकीतून धरणाकडे बघा. पाऊस पाणी ओततोय, भिऱ्याच्या वीजघराकडे ते सुटतंय, आणि पातळी ओलांडली की सांडवा. पेशीचा सर्वांत सोपा हिशेब हाच, त्याचं मूळ लुई लापिकच्या १९०७ सालच्या कामात आहे. पेशीच्या -७० मिलिव्होल्ट विद्युतदाबापासून सुरू करा. आलेला प्रवाह मिळवा, गळती वजा करा. -५५ झाले की ‘टिक’ छापा आणि पुन्हा -७० वर या. दहा-पंधरा ओळींत काम होतं. (धरण सांडल्यावर रिकामं होत नाही, पेशी होते. उपमा इथेच सोडा.)

लॅपटॉप हळू चालतो ही सबब सांगू नका. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकुलाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ साली खरी समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक फेरफारासाठी बंद होता, म्हणून हक्स्लीने हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली. १९६३ साली नोबेल मिळालं.

आता पेशी एकमेकींना जोडा. पंखा घरघरू लागेल. २०१३ साली जपानच्या ‘के’ महासंगणकावर १.७३ अब्ज पेशींचं जाळं चालवलं, तेव्हा त्यांच्या एका सेकंदाला ४० मिनिटं लागली. खरा मेंदू सुमारे २० वॅटवर चालतो, आणि धरणाची वीज मुंबईला जाऊन इथली गेली, तरी चालूच राहतो.

अडलात तर पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे. तिथे सुहिता नाडकर्णी दोन पेशींमधल्या सांध्याचा हिशेब मांडतात, कॉलिन्स असिसी कीटकांना वास कसा कळतो याचा. अख्खं मन कोणी बनवायला घेतलेलं नाही, यातच त्यांचं शहाणपण.

‘मन कधी तयार होणार?’ असं घरच्यांनी विचारलंच, तर त्यांना मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलिगन्स या कृमीची गोष्ट सांगा. त्याच्या ३०२ चेतापेशींच्या जोडणीचा नकाशा १९८६ सालीच छापून आला. पण पुढच्या क्षणी तो कुठे वळेल, हे नुसत्या नकाशावरून आजही सांगता येत नाही.