अप्पांचा पलंग

अप्पांच्या खिशात पाणसळ असते. चहाचा कप ठेवण्याआधी ते टेबलावर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये येतो का ते बघतात. एका मुंजीत त्यांनी ती बटूच्या पाटालाही लावली. भटजी काही बोलले नाहीत, कारण पाट खरंच डुगडुगत होता.

निवृत्तीनंतर अप्पांनी वर-खाली होणारा पलंग करायला घेतला. डावीकडे एक मोटर, उजवीकडे एक. दोन्ही एकाच दुकानातल्या, २४ व्होल्टच्या. बटण दाबताच डावी पुढे निघाली, उजवी रेंगाळली, पलंग तिरका होऊन मध्येच अडकला आणि उशी घरंगळत दारापर्यंत गेली. "सख्ख्या भावांची तरी चाल कुठे सारखी असते?" अप्पा म्हणाले. गिअरचं घर्षण वेगळं, शिवाय काकूंच्या बाजूचा भार वेगळा. हे दुसरं कारण त्यांनी काकूंसमोरच सांगितलं. नंतर बरेच दिवस आम्हाला तिथे चहा मिळाला नाही.

मग हॉल सेन्सर आले. मोटरमधलं चुंबक फिरेल तशा पल्स येणार. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी निघालेला आर्डुइनो बोर्ड त्या दोन्हीकडून मोजणार आणि जी मोटर पुढे गेली असेल तिचा वेग कमी करणार. "मागच्याला ढोसून उपयोग नाही. तो आधीच जीव तोडून चाललेला असतो. पुढच्यानं दमानं घ्यायचं," हे अप्पांनी जिन्यात, बँकेत आणि भाजीवालीलाही ऐकवलं. भाजीवालीच्या तराजूखालीही पाणसळ गेलीच.

एक खोट उरली. वीज गेली की बोर्ड मोजलेलं सगळं विसरतो. वीज आल्यावर पलंग पार तळाला जाऊन शून्य शोधतो. पुण्यात वीज जायची ती गुरुवारी, आणि काकू झोपायच्या दुपारी. पोटेन्शिओमीटर लावला तर कोण कुठे आहे ते वीज आल्याबरोबर कळेल, असं मी सुचवलं. तेव्हापासून अप्पा माझ्याशी मोजकंच बोलतात.

बोलेनात का. काकूंचे गुडघे गेलेत. रोज सकाळी पलंग हळूहळू वर येतो आणि त्या कोणाचा हात न धरता उभ्या राहतात. अप्पा ढांगा टाकत चालणारे. पूर्वी काकू त्यांच्या मागून कोपऱ्यावर पोचेपर्यंत हे देवळातून परत निघालेले असत. हल्ली दोघं बरोबर पोचतात.

पलंग दुकानातल्यापेक्षा महाग पडलाय आणि करकरतो. तरीही कोणाला करायचा असेल तर अप्पांनाच विचारा. फक्त पोटेन्शिओमीटर आधीच लावून घ्या, आणि मी सांगितलं म्हणू नका.