बाशिंग बांधावे, पण दिसू देऊ नये

केनियाचे उपराष्ट्राध्यक्षपद १२ डिसेंबर १९६४ रोजी, देश प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी जन्माला आले. राष्ट्राध्यक्षाने निवडून आलेल्या खासदारांपैकी एकाला उचलून या खुर्चीत बसवायचे आणि मनात येईल तेव्हा उठवायचे, अशी मूळ व्यवस्था होती. खुर्चीला स्वतःचे असे काम नव्हते. वरची खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहणे हे एकच काम तिच्यात अंगभूत होते, आणि तेवढेच करताना दिसायला बंदी होती. गुडघ्याला बाशिंग बांधलेला माणूस कुठल्याच यजमानाला आवडत नाही. केनियात तो साठ वर्षांत कुणालाही आवडला नाही.

पहिले उपराष्ट्राध्यक्ष जारामोगी ओगिंगा ओडिंगा. जोमो केन्याटा इंग्रजांच्या कैदेत असताना, १९५८ साली, तेच आपले खरे नेते आहेत असे विधिमंडळात उभे राहून सांगणारा हा माणूस. केन्याटा सुटले, राष्ट्राध्यक्ष झाले आणि उपकाराची फेड म्हणून ओडिंगांना दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची मिळाली. सोबत खातेही मिळाले, ते म्हणजे ‘बिनखात्याचे मंत्री’. जमीनवाटप आणि परराष्ट्र धोरणावरून दोघांचे बिनसले, तेव्हा मार्च १९६६ मध्ये लिमुरू येथे सत्ताधारी कानू पक्षाचे अधिवेशन भरले. ओडिंगांकडचे पक्षाचे उपाध्यक्षपद तिथे थेट काढून घेण्यात आले नाही. त्या एका पदाची आठ प्रांतांसाठी आठ पदे करण्यात आली आणि आठांपैकी एकही ओडिंगांच्या वाट्याला येणार नाही याची काळजी घेतली गेली. एप्रिलमध्ये त्यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा देऊन नवा पक्ष काढला. १९६९ साली पक्षावर बंदी आली आणि ते स्वतः स्थानबद्ध झाले.

त्यांच्या जागी आलेले जोसेफ मुरुंबी हे या मालिकेतले एकमेव गृहस्थ, ज्यांना बाशिंगच नको होते. वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई, शालेय शिक्षण दक्षिण भारतात. काही महिन्यांतच त्यांनी आपणहून खुर्ची सोडली आणि आफ्रिकी कलावस्तू, पुस्तके, टपाल तिकिटे जमवण्यात आयुष्य घालवले. त्यांचा संग्रह आज नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतो. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या इतिहासातून जनतेला डोळ्यांनी पाहता येईल असे काही उरले असेल, तर ते हे, आणि तेही पद सोडल्यामुळे.

जानेवारी १९६७ मध्ये डॅनियल अराप मोई आले. हे मूळचे शाळामास्तर. खाली मान घालून बसण्याची कला त्यांना इतकी साधली होती की विरोधकांनी त्यांना ‘सरकता ढग’ ठरवून टाकले. अडचण एकच होती. राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू झाल्यास उपराष्ट्राध्यक्षाने ९० दिवस कारभार पाहावा, असे घटनेत लिहिले होते. केन्याटा थकत चालले, तशी काही वजनदार मंडळींची या ओळीवर नजर गेली आणि १९७६ साली घटनाच बदलण्याची मोहीम निघाली. तेव्हा महाधिवक्ता चार्ल्स एनजोंजो यांनी कायद्याचे पुस्तक उघडून दाखवले. राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूची कल्पना मनात आणणे हासुद्धा गुन्हा असून त्याला देहांताची शिक्षा आहे! मोहीम जागीच थंडावली. वारसाहक्कावर बोलायचे, तर आधी यजमान मर्त्य आहे हे मान्य करावे लागते. केनियात ते बेकायदा होते.

२२ ऑगस्ट १९७८ रोजी मोंबासा येथे केन्याटांनी स्वतःच हा कायदा मोडला. ९० दिवसांसाठी आलेला ढग पुढे २४ वर्षे सरकला नाही. ‘न्यायो’, म्हणजे पावलावर पाऊल, हे मोईंनी आपल्या राजवटीचे घोषवाक्य केले. सुरुवातीला ही पावले केन्याटांची होती. मग मोईंची झाली आणि बाकीच्यांनी त्यांवर चालायचे ठरले.

स्वतः बारा वर्षांच्या आसपास दाराशी बसलेल्या माणसाला दाराशी बसलेल्याची जितकी भीती वाटते, तितकी दुसऱ्या कुणाला वाटत नाही. मोईंनी आपल्या काळात या पदाचा जो काही पाटावर बसण्याउठण्याचा खेळ केला, तो या इतिहासातला सर्वांत समृद्ध भाग आहे. पहिले म्वाई किबाकी. लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेले, दहा वर्षे बिनबोभाट पद सांभाळलेले. १९८८ मध्ये त्यांना आरोग्यमंत्री करण्यात आले. रोग कोणता होता ते कुणी सांगितले नाही.

दुसरे जोसेफॅट करंजा, नैरोबी विद्यापीठाचे माजी कुलगुरू. लोकांना ते आपल्यापुढे गुडघे टेकायला लावतात, असा आरोप त्यांच्यावर झाला. एकपक्षीय संसदेत एरवी पान हलत नसे. ती एकाएकी निर्भीड झाली, तिने अविश्वास ठराव मंजूर केला आणि १ मे १९८९ रोजी करंजा पायउतार झाले. कारकीर्द जेमतेम तेरा महिन्यांची. गुडघे टेकण्याला संसदेची हरकत नव्हती. कुणापुढे टेकायचे, याबद्दल मात्र ती काटेकोर होती.

तिसरे जॉर्ज सैतोती. वॉरिक विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले गणितज्ञ. मे १९८९ पासून जानेवारी १९९८ पर्यंत त्यांनी पद सांभाळले. मग मोईंनी मंत्रिमंडळ नेमले आणि उपराष्ट्राध्यक्ष नेमायचे राहूनच गेले. चौदा महिन्यांहून अधिक काळ खुर्ची रिकामी होती. या काळात देशाचे कुठलेही काम अडले नाही, आणि पदाच्या उपयुक्ततेविषयी याहून नेमका प्रयोग आजवर झालेला नाही. एप्रिल १९९९ मध्ये लिमुरू येथे रस्त्याच्या कडेला जमलेल्या लोकांसमोर मोईंनी सैतोतींना पुन्हा नेमल्याचे जाहीर केले. आता तुमच्या पातेल्यात उगाली वाढते का ते पाहू, असेही सुनावले. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, केनियाची भाजी-भाकरी. ती वाढल्याची नोंद नाही.

मार्च २००२ मध्ये कासारानी येथे पक्षाचे अधिवेशन भरले आणि लिमुरूचा जुना नुस्खा पुन्हा बाहेर निघाला. उपाध्यक्ष एकाऐवजी चार झाले आणि चारांत सैतोती नव्हते. ऑगस्टअखेर त्यांचे सरकारी पदही गेले. मोईंनी वारस म्हणून पुढे आणले ते केन्याटांचे चिरंजीव उहुरू. शेवटच्या दोन महिन्यांसाठी मुसालिया मुदावादी उपराष्ट्राध्यक्ष झाले. डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष पडला आणि ते स्वतःच्या मतदारसंघातही पडले. निवडून कोण आले? चौदा वर्षांपूर्वी आरोग्यखात्यात पाठवलेले किबाकी.

किबाकींच्या काळात तिघे झाले. मायकेल वामाल्वा आठ महिन्यांत, ऑगस्ट २००३ मध्ये, लंडनच्या रुग्णालयात वारले. पदावर असताना मृत्यू आलेले ते एकटेच. मग पंचाहत्तरीतले मूडी अवोरी आले. त्यांच्याकडे तुरुंगांचेही खाते होते आणि कैद्यांना त्यांनी गाद्या व दूरचित्रवाणी संच दिले. त्यांचे एक भाऊ शेजारच्या युगांडात २००१ साली चक्क राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले होते. बाशिंग घरात होते, पण सीमेपलीकडे. कदाचित त्यामुळेच अवोरींना कुणी त्रास दिला नाही. २००७ च्या निवडणुकीत मतदारांनीच त्यांना घरी पाठवले.

त्या निवडणुकीच्या निकालावरून दंगली पेटल्या, हजारांहून अधिक माणसे मारली गेली. देश जळत असताना, जानेवारी २००८ मध्ये, तिसऱ्या क्रमांकावर राहिलेले कलोंझो मुस्योका दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीत जाऊन बसले. पुढे समझोता होऊन पहिल्या उपराष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव रायला ओडिंगा पंतप्रधान झाले. मग समारंभात आधी कोण बोलणार, यावरून दोन्ही बाजूंत मानापमानाचे प्रयोग रंगले.

ऑगस्ट २०१० मध्ये नवी राज्यघटना आली. पदाचे इंग्रजी नाव ‘व्हाइस प्रेसिडेंट’ऐवजी ‘डेप्युटी प्रेसिडेंट’ झाले. त्याहून मोठा बदल असा, की राष्ट्राध्यक्षाबरोबर एकाच जोडीने निवडून यायचे आणि राष्ट्राध्यक्षाने मनात आणले तरी हाकलता यायचे नाही. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतांनी महाभियोग हवा. काम कोणते? राष्ट्राध्यक्षाचा मुख्य साहाय्यक, आणि राष्ट्राध्यक्ष सोपवील ते. खुर्ची जमिनीला पक्की ठोकली गेली, हातात काय द्यायचे ते मात्र जुन्याच मर्जीवर राहिले.

पहिले लाभार्थी विल्यम रुटो. २०१३ मध्ये ते उहुरू केन्याटांच्या जोडीने निवडून आले. मार्च २०१८ मध्ये उहुरूंनी जुने वैरी रायला यांच्याशी हस्तांदोलन केले आणि रुटो घरातच वाळीत पडले. काढता येत नव्हते, म्हणून काम काढून घेतले गेले. २०२२ मध्ये उहुरूंनी रायलांचा प्रचार केला, तरी रुटो ५०.४९ टक्के मते घेऊन निवडून आले. आपल्या वाट्याला आलेली मानहानी आपल्या सहकाऱ्याच्या वाट्याला येणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता.

तो सहकारी म्हणजे रिगाथी गाचागुआ. सरकार ही कंपनी असून ज्यांनी मतांचे भांडवल घातले त्यांनाच लाभांश मिळावा, असे ते जाहीरपणे सांगत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इतर भागधारकांनी सभा बोलावली. राष्ट्रीय सभेत २८१ विरुद्ध ४४ मतांनी महाभियोग मंजूर झाला. सिनेटमध्ये सुनावणी चालू असताना गाचागुआ छातीत दुखू लागल्याने रुग्णालयात होते. सिनेटने ११ पैकी ५ आरोप सिद्ध धरले आणि ते पदावरून गेले. मोईंना जे काम एका वाक्यात उरकत असे, त्याला आता दोन सभागृहे, अकरा आरोप आणि वकिलांची फौज लागते. लोकशाहीची प्रगती ती हीच.

१ नोव्हेंबर २०२४ रोजी कायद्याचे प्राध्यापक राहिलेले किथुरे किंडिकी यांनी शपथ घेतली. आजवरचे तेरावे. आधीच्या बारांपैकी मोई, किबाकी आणि रुटो असे तिघे राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्याने बाशिंग लपवले, दुसऱ्याने ते घरी नेऊन चौदा वर्षे जपले, तिसऱ्याने यजमानाच्या नाकावर टिच्चून बांधले. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे.