हेलिकॉनवरच्या नऊ जणी

अहो, ऐकलंत का? त्या हेलिकॉन डोंगरावरच्या नऊ बहिणी... त्याच हो, देवांच्या राजाच्या, ज्युपिटरच्या लेकी, म्यूझ! काव्य, नाच, इतिहास, सगळी खाती त्यांच्याकडे. कवी पहिली ओळ लिहायच्या आधी त्यांना हात जोडतो. बोलणं कसं, गोडच गोड. पण कुणी बरोबरी करायला गेलं की... जाऊ दे बाई, माझ्या तोंडून कशाला!

बरं, सांगतेच. मिनर्व्हा देवी गेली होती त्यांच्याकडे, पंखवाल्या पेगॅसस घोड्याच्या टापेने फुटलेला झरा बघायला. तेवढ्यात वर फांदीवर कुणीतरी गाऱ्हाणं घालतंय, अगदी माणसासारखं. बघते तर नऊ मॅगपाय पक्षी! ही कोण मंडळी, म्हणून तिने विचारायचा अवकाश, एका म्यूझची टकळी सुरू.

तर म्हणे पिएरसच्या या नऊ मुली. बाप पेल्लाकडचा बडा जमीनदार. पोरी गावोगाव फिरत थेट हेलिकॉनवर येऊन थडकल्या. म्हणाल्या, होऊन जाऊ दे कॉम्पिटिशन! हरलात तर तुमचे झरे सोडा, आम्ही हरलो तर आमची जमीन सोडू. आणि जज कोण? झऱ्या-नद्यांच्या जलपऱ्या.

त्या पोरींनी गायलं काय, ठाऊक आहे? टायफिअस राक्षसाला घाबरून देव इजिप्तला कसे पळाले ते! ज्युपिटर मेंढा झाला, जूनो पांढरी गाय, व्हीनस मासा. आता बापाचाच मेंढा केल्यावर लेकींचे चेहरे कसे झाले असतील हो!

तर काय सांगत होते... हं, जज. यांच्याकडून कॅलिओपी उठली. केस वर बांधलेले, आयव्हीचा वेल माळलेला. गाणं प्रॉसर्पिनाला पळवल्याचं. त्यात मध्येच सायनी, मध्येच अरेथुसा, दोघींचं दुःख अगदी रंगवून. आणि या दोघी कोण? जलपऱ्याच की! मग निकाल काय लागायचा होता? एकमताने यांचा.

पोरी काही गप्प बसेनात. तोंड सोडलं, हातवारे केले, तर नखांतून पिसं! एकमेकींकडे बघतात तर तोंडाच्या चोची झालेल्या. छाती पिटायला हात उचलले आणि उडाल्याच.

आणि हे पहिल्यांदाच नव्हे बरं. गवई थामिरिसने फुशारकी मारली, तर बिचाऱ्याचं गाणं गेलं, वाजवणंही विसरला. पंखवाल्या सायरन गाण्यात हरल्या, तर त्यांची पिसं उपटून यांनी मुकुट केले म्हणे. हौसच दांडगी!

पण माझं म्हणणं निराळंच. हे सगळं सांगितलं कुणी? जिंकलेल्यांनीच ना! रोमन कवी ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’चं पाचवं पुस्तक काढून बघा. पोरींचं गाणं दहा-बारा ओळींत उरकलेलं आणि कॅलिओपीचं तीनशेच्या वर! वर मिनर्व्हाला विचारायचं, आमचं ऐकायला सवड आहे ना? ती बसली निवांत सावलीत. पण झाडावरच्यांना म्हणून एक शब्द विचारला नाही हो!

उलट यांचा राग बरोबरच होता म्हणाली, आणि मनात काय आलं? दुसऱ्यांचं कौतुक किती करायचं, आपलंही व्हायला हवं! निघाली की तडक लिडियाला, त्या विणकाम करणाऱ्या अरॅक्नीकडे. तिथे काय झालं ते तर तुम्हाला... काय सांगता, नाही ठाऊक? मग या बघू अशा जवळ!