ससा खातो किती?

मुलांना बचतीची सवय लावण्याचं काम सध्या सशाकडे आहे. शाळेत वाटलेलं बँकेचं चकचकीत पत्रक दप्तरातून घरी येतं, त्यावर तो दोन दात काढून उभा असतो. खातं उघडलं की डेबिट कार्डावर ससा, पासबुकावर ससा, अ‍ॅप उघडताना आधी दोन कान वर येतात.

आता मराठी घरातल्या पोराला ससा म्हटलं की काय आठवतं? शर्यत अर्ध्यावर टाकून झाडाखाली घोरणारा. बचतीसाठी हाच सापडला! पण मार्केटिंगच्या बैठकीत काय झालं असेल ते दिसतं. कासव सुचवलं तेव्हा ‘सर, ते सीनियर सिटिझन वाटतं’ असं कुणीतरी म्हणालं असणार. मुंगीवर लोगो मावेना. मधमाशीचं नाव निघालं, पण तिनं साठवलेलं शेवटी दुसराच कुणीतरी काढून नेतो, हे फारच उघड झालं असतं. उरला ससा. गोड दिसतो, बोलत नाही, आणि सतत काहीतरी कुरतडत असतो.

किती कुरतडतो, ते चौथीच्या गणितात बसतं. आजीचे, मामाचे, भाऊबिजेचे मिळून दोन हजार रुपये खात्यात आहेत असं धरा. अडीच टक्क्यांनी वर्षाचं व्याज 50 रुपये. ससा दर तिमाहीला मेसेज पाठवण्याचे 15 रुपये घेतो, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 17 रुपये 70 पैसे. वर्षाचे 70 रुपये 80 पैसे. बचत शिकायला बसलेली मुलगी वर्षाअखेर 20 रुपये 80 पैशांनी खाली. आणि ते पैसे कापल्याचं कळवणारा मेसेजही ससाच पाठवतो, ‘हाय दोस्त!’ म्हणून. दुसऱ्या वर्षापासून कार्डाचे दीडशे अधिक जीएसटी. दहाव्या वर्षी उघडलेलं खातं असंच पडून राहिलं तर अठराव्या वर्षी, मतदानाचा हक्क मिळेल तेव्हा, दोन हजारांतले पाचशेसुद्धा शिल्लक नसतात. मातीचा गल्ला फोडावा लागायचा हे खरं, पण तो आतून खात नव्हता.

जाहिरातीतली मुलगी गल्ल्यातली नाणी खळखळ ओतते. खरी मुलगी ती पिशवी घेऊन काउंटरवर गेली की उत्तर ठरलेलं: ‘चिल्लर आता नाही घेणार, शनिवारी या.’ कोणत्या शनिवारी? दुसऱ्या आणि चौथ्याला तर शटर बंद. अरे, रुपयाची आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत कायद्यानं चलन आहेत! ती मोजायला माणूस नाही, पण शाळेच्या गेटवर छत्री लावून टाय घातलेली चार पोरं बसवायला आहे. त्या पोरांचा राग नाही, त्यांच्या मानेवर टार्गेट आहे. राग त्यांचा, ज्यांना ही दोन हजारांची ठेव नकोच आहे. त्यांना हवी आहे आई. शंभर रुपये भरायला आलेल्या बाईला खुर्ची देतात, चहा मागवतात आणि मुलीच्या उच्चशिक्षणाच्या नावाखाली वर्षाला पन्नास हजारांची, दहा वर्षं भरायची विमा पॉलिसी ‘एफडीसारखीच आहे हो’ म्हणत गळ्यात मारतात. मधेच बंद केली तर हाती किती येईल, ते पान उलटायच्या आत सही झालेली असते. याला आर्थिक साक्षरता म्हणतात, आणि वर शाळेकडून आभाराचं पत्रही घेतात.

त्याच पत्रकामागं सशाचं चित्र आहे, रंगवायला. स्पर्धेला प्रवेश विनामूल्य. फक्त पालकांचा मोबाइल नंबर, पॅन आणि वार्षिक उत्पन्न लिहायचं. मग रविवारी दुपारी, डोळा लागतो न लागतो तोच, फोन: ‘मॅडम, आपली मुलगी किती वर्षांची आहे?’ तिच्या जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत यांच्याच कपाटात पडली आहे. फोन बंद करा म्हणावं, तर त्यासाठी अर्ज शाखेत येऊन द्यायचा, मुलीला सोबत घेऊन.