व्हिसा लागत नाही, शेठ? मग बाकी काय लागतं तेही सांगा!

प्रति,
परदेशवारीचे घाऊक व किरकोळ व्यापारी,
बाळकुम नाका, ठाणे (पश्चिम)

विषय : लोकांना अर्धवट माहिती देऊन पूर्ण पैसे घेण्याच्या आपल्या कौशल्याबद्दल जाहीर आभार

शेठ,

स. न. वि. वि.

पत्रात तुमचं नाव घातलेलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पाटी इतक्या वेळा बदलता की आज छापलेलं नाव उद्या दुसऱ्याच्याच गळ्यात पडायचं. शिवाय एक नाव लिहिलं की बाकीचे सुटतात. तुमचे भाऊबंद माजिवड्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पसरलेत. कुठे मोबाइल रिचार्जच्या दुकानात मागचं टेबल अडवून, कुठे नुसत्या व्हॉट्सअॅप नंबरवर. वाचताना ज्याच्या कानाच्या पाळ्या गरम होतील, त्याने पत्र आपलंच समजावं.

सुरुवात अभिनंदनाने करतो, कारण तुम्ही खरोखर अवघड काम केलंय. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवस व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली आणि १५ जुलै २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर नेली. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सूट दिली आणि ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. करोनात बसलेलं पर्यटन उभं करायचं होतं, त्यासाठी आपल्यासारखं खर्च करणारं गिऱ्हाईक हवं होतं. २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय थायलंडला जाऊन आले, म्हणजे हिशेब त्यांना बरोबर जमला. या सगळ्यात बसायला हवा होता तो तुमचा धंदा. फॉर्म नाही, फोटो नाही, बँकेचं स्टेटमेंट नाही, मग मधला माणूस कशाला? पण तुम्ही डगमगला नाहीत. जे सरकारने फुकट केलं, तेच तुम्ही विकायला काढलंत!

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंना तुम्ही दिलेली पावती मी पाहिली आहे. त्यावर ‘व्हिसा-फ्री प्रोसेसिंग चार्जेस’ अशी एक ओळ होती. जो व्हिसा घ्यायचाच नव्हता, तो न घेण्याची मजुरी! त्याखाली ‘अरायव्हल कार्ड फी’. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ जानेवारी २०२४ पासून सक्तीचं आहे, थायलंडचं १ मे २०२५ पासून. दोन्ही तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, घरबसल्या भरता येतात आणि दोन्हींना एक पैसा पडत नाही. काकूंच्या नातीने मोबाइलवर ते भरून दाखवलं, तेव्हा काकांचा चहा हातातच राहिला होता. अर्थात तोवर तुमचं बिल भरून झालं होतं.

त्याच काका-काकूंचा पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहेच, कारण त्या रात्री तुमचा फोन बंद होता. क्वालालंपूरचं विमान पहाटेचं. मुंबई विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीने काकांचा पासपोर्ट उघडला, मागेपुढे पाहिला आणि विचारलं, “सर, याची मुदत चार महिन्यांत संपतेय. नवा आहे का?” मलेशियात उतरताना पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा लागतो. काका म्हणाले, “पण व्हिसा लागत नाही ना?” ती बिचारी म्हणाली, “व्हिसा लागत नाही सर. पासपोर्ट लागतो.” काकूंनी केलेले मेथीचे ठेपले काका-काकूंनी तिथेच बाकावर बसून खाल्ले आणि दोघं सकाळी रिक्षाने परत आले. तिकिटाचे पैसे परत मिळणारे नव्हते. तुम्ही दुपारी फोन उचललात आणि म्हणालात, “एअरलाइनवाले मुद्दाम त्रास देतात.”

मुद्दाम नाही, शेठ. परक्या देशाने प्रवाशाला दारातून परत पाठवलं, तर त्याला परत आणणं त्या विमान कंपनीच्या गळ्यात पडतं आणि बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून कंपनी आधीच सगळं तपासते. व्हिसाच्या जमान्यात नकार मिळायचा तो वकिलातीकडून, प्रवासाच्या आधी, तिकीट पक्कं करायच्या आधी. व्हिसाची अट गेली, पण तपासणी गेली नाही. ती वकिलातीतून उठून काउंटरवर येऊन बसली. तीही मध्यरात्री, भरलेल्या बॅगांसमोर, न परतणारे पैसे भरून झाल्यावर. पासपोर्टची मुदत, परतीचं पक्कं तिकीट, राहण्याची जागा, खिशात पुरेसे पैसे, हे सगळं तिथे प्रवाशाने दाखवायचं. सगळी जोखीम आता त्याच्या डोक्यावर आली आहे. हे त्याला सांगण्याचे पैसे तुम्ही घेतले असते, तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

तुमचं शेजारी राष्ट्रांबद्दलचं ज्ञानही वाखाणण्यासारखं. ‘नेपाळला काय, आधार कार्डावर चालतं!’ हे तुमचं वाक्य आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर अजून फिरतंय. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही हे खरं. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधारची सवलत पंधरा वर्षांखालच्या पोरांना आणि पासष्टच्या वरच्या ज्येष्ठांना. म्हणजे भजनी मंडळातले आजोबा विमानात चढतील आणि टाळ वाजवणारे पन्नाशीतले काका खाली राहतील. भूतानला व्हिसा नाही, पण परमिट आहे आणि प्रत्येक रात्रीचे माणशी १,२०० रुपये शुल्क आहे. केनियाने २०२४ च्या जानेवारीत सगळ्यांचा व्हिसा रद्द केला आणि त्याच महिन्यात ३० डॉलरची ऑनलाइन प्रवास परवानगी आणली. हे वाचून बहुधा तुम्हाला आपला मानलेला भाऊ नैरोबीत सापडला असेल.

इथवरचं सगळं पैशांवर भागलं असतं. माणसं हळहळली असती, तुम्हाला चार शिव्या देऊन पुढच्या वर्षी महाबळेश्वरला गेली असती. पण तुमच्या टेबलाचा दुसरा खण वेगळा आहे. त्यात फिरायला जाणाऱ्यांची पाकिटं नसतात, नोकरीला जाणाऱ्यांची असतात.

आमच्या आगरी हळदीत पत्रिका नसलेला माणूसही पंगतीत बसतो, त्याला कोणी उठवत नाही. पण जेवला म्हणून तो त्याच अंगणात दुकान थाटू लागला, तर यजमान कॉलर धरतात. व्हिसामाफी ही तेवढीच असते. या, बघा, खा, पैसे खर्च करा आणि ठरल्या दिवशी घरी जा. थायलंडमध्ये त्या सवलतीवर नोकरी करता येत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो आणि कामाचा परवाना लागतो. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,००० बाट. नव्वद दिवसांहून जास्त राहून मग स्वतःहून हजर झालात, तरी वर्षभर प्रवेशबंदी. हे तुम्हाला माहीत नाही असं मी म्हणणार नाही. तुम्हाला हे फार चांगलं माहीत आहे.

म्हणून तर कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरच्या गोडाऊनमध्ये रोज माल मोजायला जाणाऱ्या आमच्या इथल्या एका पोराला तुम्ही ‘बँकॉकला डेटा एन्ट्री, राहणं-खाणं कंपनीचं’ असं सांगितलंत. दहावी नापास असल्याने त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का. असा पासपोर्टवाला ठरलेल्या १८ देशांत नोकरीला निघाला, तर त्याला आपल्या सरकारची आधी मंजुरी लागते. थायलंड आणि मलेशिया, दोन्ही त्या यादीत आहेत. त्या मंजुरीसाठी तिकडची कंपनी खरी असावी लागते, करार खरा असावा लागतो, मधला एजंट नोंदणीकृत असावा लागतो. तुमच्याकडे यातलं एकही नव्हतं. पण फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. तेव्हा तुम्ही काय केलंत, तर पोराला पर्यटक करून टाकलंत!

तुम्ही त्याला दिलेली चिठ्ठी त्याने जपून ठेवली आहे. निळ्या शाईत, तुमच्याच अक्षरात : ‘कशाला – फिरायला. कुठे – पट्टाया. किती दिवस – ५. काम – बिझनेस.’ सोबत परतीचं डमी तिकीट आणि दोन रात्रींचं हॉटेल बुकिंग. पोराने रिक्षात बसून ते पाठ केलं. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने विचारलं, “कसला बिझनेस?” पोरगा म्हणाला, “गोडाऊन.” “स्वतःचं?” “नाही, शेठचं.” “मग पट्टायात काय बघणार?” हे चिठ्ठीत नव्हतं. पोरगा ‘ऑफलोड’ झाला, म्हणजे त्याला विमानात चढूच दिलं नाही. तुम्ही त्याच्या आईला सांगितलंत की अधिकाऱ्याला पैसे हवे होते. तिने गळ्यातलं मोडून तुम्हाला दिलेली रक्कम मात्र ‘नॉन-रिफंडेबल’ निघाली.

त्या अधिकाऱ्याला एकदा बाळकुमला बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं आहे. कारण ‘बँकॉकची डेटा एन्ट्री’ पुढे कुठे जाते, ते आता साऱ्या देशाला कळलंय. बँकॉकला उतरायचं, तिथून गाडीने थेट सीमेवरच्या माए सॉटला जायचं, मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. तिथे कुंपणाआड इमारती, पासपोर्ट काढून घेतलेला, आणि काम म्हणजे दिवसरात्र लोकांना ऑनलाइन गंडवणं. नकार दिला की मार. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाने माए सॉटहून दोन विमानांतून ५४९ भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने म्यानमारहून सोडवलेल्या मुलांच्या जबाबांवरून काही एजंटांना अटक केली. म्हणजे त्या कुंपणाआडची पोरं काही फक्त दूरच्या राज्यांतली नव्हती. इथल्या घरांतल्या आयांनीही तिथून आलेले फोन घेतले आहेत.

तुमच्या जमातीचा पराक्रम तर आंतरराष्ट्रीय आहे. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली होती. तिचा आधार घेऊन एजंट लोकांना नोकरीचं किंवा पुढे दुसऱ्या देशात पोहोचवण्याचं आमिष दाखवून तिकडे नेऊ लागले आणि तिथे त्यांना खंडणीसाठी पळवलं जाऊ लागलं. शेवटी इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलतच थांबवली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा हीच कारणं सांगितली. केवढी ही ताकद, शेठ! आम्हाला वर्षानुवर्षं अर्ज करून नाक्यावरचा खड्डा बुजवून घेता येत नाही आणि तुमच्या व्यवसायबंधूंनी एका देशाचा नियम बदलून दाखवला. त्यात सरळपणे फिरायला निघालेल्या माणसाचं दार बंद झालं, ही किरकोळ बाब. सवलत हा कुठल्या देशाने आपल्याला लिहून दिलेला हक्क नसतो. आपली माणसं कशी वागतात हे बघून ती वाढते किंवा आटते. तुम्ही एका पोराला खोटं बोलायला शिकवता, तेव्हा त्याच्या मागच्या रांगेतल्या शंभर खऱ्या पर्यटकांकडे संशयाने पाहिलं जातं. उद्या काउंटरवर मराठी नाव वाचून चार प्रश्न जास्त विचारले गेले, तर त्यातला एक प्रश्न तुमच्या नावे जमा धरा.

आता तुमच्याकडून काही अपेक्षा करणं म्हणजे वेळ घालवणं आहे, म्हणून अपेक्षा आम्ही आमच्याकडूनच ठेवल्या आहेत. सोसायटीच्या फलकावर कागद लागला आहे. फिरायला निघालेल्याने पासपोर्टची मुदत स्वतः मोजावी. अरायव्हल कार्ड स्वतः भरावं. नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचावा, कारण महिन्यापूर्वीचा नियम आज असेलच असं नाही. आणि नोकरीसाठी ‘टुरिस्ट म्हणून जा, पुढचं आम्ही बघतो’ असं म्हणणाऱ्याच्या दुकानातून पाणीही न पिता उठावं.

शिवाय तुमच्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक पोराला आम्ही एक प्रश्न शिकवला आहे. तुमच्या चिठ्ठीपेक्षा तो पाठ करायला सोपा आहे : “तुमचा भरती एजंटचा नोंदणी क्रमांक काय?” परदेशात कामाला माणसं पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ती खरी आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कोणालाही तपासता येतं. नोंदणीकृत एजंटलासुद्धा उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही, तेही पावती देऊन. ‘मी त्यांचा सब-एजंट आहे’ हे उत्तर तयार ठेवू नका, सब-एजंटला या कायद्यात जागाच नाही.

क्रमांक सांगता आला, तर हे पत्र मी मागे घेईन आणि तुमच्या दुकानात येऊन पेढे देईन. नाही सांगता आला, तर त्या पोराची आई, तुमची निळ्या शाईतली चिठ्ठी आणि मी, असे तिघं कापूरबावडी पोलीस ठाण्यात जाऊ. पुढे तुम्हालाही तिथे बोलावणं येईल. आढेवेढे न घेता या. फक्त तिथे ‘काम – बिझनेस’ एवढं सांगून भागणार नाही आणि परतीचं तिकीट आम्ही काढून देणार नाही.

कळावे, लोभ तुम्हाला आहेच, तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपला,
बाळकुमचा एक रहिवासी