दिसतंय की, पाव्हणं!

दाजींसारखा एक माणूस आता प्रत्येक तालुक्यात असतो. तुमच्याकडेही असणारच, पत्ता लागत नसेल तर कुरिअरवाल्याला विचारा. शेती बऱ्यापैकी, डोकं जरुरीपेक्षा जरा जास्त, आणि घरातली एक जागा अशी की जिथं बायकोला केरसुणी न्यायची बंदी. आमच्या शिरोळच्या दाजींची ती जागा म्हणजे जिन्याखालची खोली. तिथं रास्पबेरी पाय नावाचे, तळहातावर मावणारे संगणक ओळीनं मांडलेत आणि दाजी त्यांना कार्डं जोडून बघतात. नेटवर्कचं, सॅटाचं, वायफायचं, एनव्हीएमई डिस्कचं. एकदा तर जुन्या बाजारातलं ग्राफिक्स कार्ड आणलं, ते संगणकापेक्षा कितीतरी मोठं. जोडून पुढं करायचं काय, हा प्रश्न दाजींना आवडत नाही. त्यांना फक्त एकच बघायचं असतं: दिसतंय का.

तो सोहळा असा. आधी कार्डाची सोनेरी कडा खोडरबरनं घासायची (भाच्याच्या कंपासपेटीत खोडरबर टिकत नाही, ते यामुळं). मग कागदासारखी चपटी, सोळा तारांची पट्टी घ्यायची. बोर्डावरची इवलीशी खिट्टी दात कोरायच्या काडीनं उचलायची, पट्टी आत सारायची, खिट्टी दाबायची. पट्टी केसभर तिरकी बसली तर मुसळ केरात. मग वीज चालू करून 'एलएसपीसीआय' असं टाईप करायचं. जोडलेल्या कार्डांची यादी येते. तीत आपल्या कार्डाचं नाव आलं की दाजी मांडीवर थाप मारून ओरडतात, "दिसतंय की, पाव्हणं!"

'चालतंय का' असं विचारणाऱ्याला त्या खोलीत पुन्हा बोलावत नाहीत. मला बोलावतात, कारण मेव्हणा बदलता येत नाही.

आता दिसणं आणि चालणं यांच्यामधल्या रानात दाजींची हयात चालली आहे, आणि त्या रानाचा मालक आहे फर्मवेअर. बोर्डाला वीज मिळाली की सगळ्यात आधी जागा होणारा, चिपमध्ये बसवलेला प्रोग्राम. त्यानं कार्डाला ओळख दिली नाही तर पुढचं सगळं ठप्प. त्यात ग्राफिक्स कार्डावर स्वतःचाही एक छोटा प्रोग्राम असतो, पण तो लिहिलेला असतो टेबलावरच्या मोठ्या पीसीच्या प्रोसेसरसाठी. पायच्या आर्म प्रोसेसरपुढं तो मुका. २०२० च्या ऑक्टोबरात कम्प्यूट मॉड्यूल ४ आलं आणि त्याच्या बोर्डावर कार्ड बसवायची खाच आयती मिळाली. दाजींनी ते धूड त्यात बसवलं. दिसलं! खालच्याच ओळीत मात्र 'नो स्पेस'. कार्डाला मेमरीतल्या पत्त्यांची जितकी जागा हवी, तितकी बोर्डानं राखलेलीच नव्हती. पाहुणा दारात उभा, घरात अंथरूण टाकायला जागा नाही, असा तो प्रकार. दाजींनी कुठल्याशा फायली उलथ्यापालथ्या करून जागा वाढवली. मग ड्रायव्हर बसेना.

२०२३ मध्ये पाय ५ आला तेव्हापासून तर झोपच गेली. कंपनी सांगते, या पट्टीवर पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या जोडणीची दुसरी पिढी वापरा; तिसरी चालू करता येते, पण तिची खात्री आम्ही देत नाही. असं लिहिलेलं वाचून दाजी दुसरीवर थांबतील तर शपथ. डिस्कचा वेग जवळजवळ दुप्पट दाखवला की रात्री बाराला फोन. पहाटे तीच डिस्क गायब झाल्याचा फोन मात्र येत नाही, तो ताईकडून कळतो. शिवाय संगणकानं आधी कुठून सुरू व्हायचं, तो क्रम एका आकड्यात लिहितात आणि उजवीकडून डावीकडं वाचतात. ४१६ लिहिलं तर आधी ६, म्हणजे एनव्हीएमई. मग १, म्हणजे एसडी कार्ड. मग ४, म्हणजे यूएसबी. दाजींना हे इतकं भावलं की किराणा मालाची यादीही ते खालून वर वाचायला लागलेत.

'दिसतंय' हा शब्द खोलीतच राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पुतण्यासाठी स्थळ बघायला जयसिंगपूरला गेलो. मुलगी चांगली, माणसं चांगली, पोहे चांगले. परतताना गाडीत दाजींनी निकाल दिला, "दिसतंय." पुतण्याचा चेहरा उतरला तो शिरोळ येईपर्यंत वर आला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवा चष्मा चढवून विचारलं, "दिसतंय का?" दाजी म्हणाले, "दिसतंय, पण चालत नाही. पायऱ्या चुकायल्यात." आणि एका भूमिपूजनाच्या कोनशिलेसमोर, नारळ फुटता फुटता, ते मोठ्यानं "दिसतंय की!" म्हणाले, तेव्हा पांढऱ्या कपड्यातले दोघं गर्रकन वळले. त्या दिवशी मात्र दाजींचा मला अभिमान वाटला. कोनशिला अजून तिथंच आहे, एकटीच.

आमच्या तालुक्यात कृष्णेचं पाणी नृसिंहवाडीला पादुकांवरून दक्षिणद्वारानं बाहेर पडलं की लोक स्नानाला जातात, आणि त्याहून चढायला लागलं की सामान माडीवर नेतात. २००५, २०१९, २०२१. हे आकडे इथं लहान पोरांनाही पाठ. २०२१ च्या जुलैत ताईनं देव, कागदपत्रं आणि धान्य वर नेलं. दाजींनी आधी एक फुलस्केप वही नेली. यावरून ताई अजून बोलते.

परवा चहाची वाट बघताना ती वही मी चाळली. एका कार्डाला एक पान. तारीख, फर्मवेअर कधीचं, अडॅप्टर किती अँपिअरचा, मग दोन रकाने: दिसलं, चाललं. पहिल्यात बरोबरच्या खुणाच खुणा. दुसऱ्यात बहुतेक फुल्याच, आणि शेजारी बारीक अक्षरात कारण. नवं फर्मवेअर आलं की त्याच पानावर नवी तारीख, पुन्हा फुली. आणि 'चाललं' लिहायचा नियम असा कडक की कार्ड रात्रंदिवस चालून मधे वीज जाऊन आली पाहिजे. मोठ्या शहरात या परीक्षेसाठी खास यंत्र लावत असतील, शिरोळात वीज स्वतःच घरी येऊन घेते. अमेरिकेत सेंट लुईसचे जेफ गीअरलिंग हाच उद्योग करून जगभर ओळखले जातात. २०२४ मध्ये त्यांनी पाय ५ ला एएमडीचं कार्ड जोडून गेम खेळून दाखवला. दाजींना आमच्या गल्लीत लोक 'काय वो, लागलं का गिऱ्हाईक?' असं विचारतात.

गिऱ्हाईक नाही, पण मी वही चाळत होतो त्याच वेळी इचलकरंजीचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा आला होता. त्याला एक सॅटा कार्ड घ्यायचं होतं, खोक्यावर 'सपोर्टेड' छापलेलं. दाजींनी पान काढून दिलं. "हे घिऊ नगंस. दिसतंय, पण दोन डिस्का लावल्या की तासाभरात एक गळतीया. त्यापरास पुढल्या पानावरचं घे, स्वस्त बी हाय." पोरगा फोटो काढून, पाया पडून गेला. मी म्हटलं, दाजी, थोडेफार पैसे तरी घ्यावेत.

"पैसे कशाचं, पाव्हणं? माझं गेल्यात ते गेल्यात. त्याचं कशाला घालवायचं?"

मला यावर चटकन उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी दिलं नसतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "त्या वहीत माझ्या मिक्सरचं पान हाय का बघ."

पान होतं. दिसलं: बरोबरची खूण. चाललं: फुली. कारण, बारीक अक्षरात: ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर सप्लायला वायर कमी पडली, सबब काढली.